चोराचा ठोका

"या किसणीला दात उरलेत, की माझ्यासारखीच तिचीही पडझड झालीय?" यू वागियेम नारळाच्या वाटीकडे बघत पुटपुटली. "सकाळपासून घासतेय. नारळ आहे तसाच, माझी बोटं मात्र किसून झाली. आणि हे ओलं लाकूड कुणी आणलं गं? डोळ्यांना धार लागलीय. बघणाऱ्याला वाटायचं, इथं कुणी मेलंबिलंय की काय."

पारिना चुलीपुढे वाकून फुंकर मारत होती, ती तशीच वाकून राहिली. स्वयंपाकघर तिचं, किसणी तिची, ओलं लाकूडही तिचंच. ऐकून घेणं भागच होतं. आणि खरं तर यू वागियेमने आणखी कुरकूर करावी, पोटभर करावी, असंच तिला वाटत होतं. जावातल्या या सबंध सुंबरवातु गावात, जिथं सगळे तिला यू म्हणजे थोरली ताई म्हणत, तिच्याइतकं कुरकुरणारं दुसरं माणूस नव्हतं. कोबीवरच्या अळ्या, मशिदीच्या भोंग्याची खरखर, सुनेच्या हातचं मीठ, ढग आले तर ढग आणि नाही आले तर ऊन, तिच्या तडाख्यातून काही म्हणता काही सुटत नसे. एकच गोष्ट सोडून. त्या गोष्टीबद्दल कुरकूर करायचा हक्क गावात कुणाचा असेल तर तो तिचाच होता, आणि तिने आजवर त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पारिनाला हेच गिळवत नव्हतं. कुणी शिवी दिली असती तर ती परत तरी करता आली असती.

आज पारिनाकडे स्लामेतान होतं. कुणाच्या घरी असं कृतज्ञतेचं जेवण असलं की गल्लीतल्या बायका आपापली सुरी फडक्यात गुंडाळून येतात. त्यांना बोलावावं लागत नाही. त्या घराशी अबोला असला तरी जायचंच, न जाणं म्हणजे दारात थुंकणं. त्यामुळे सगळ्या आल्या होत्या. कुणी चवळीच्या शेंगा चिरत होतं, कुणी केळीची पानं पुसत होतं, कुणी पाट्यावर मिरच्या रगडत होतं. तोंडंही चालू होती. कुणाची बकरी व्यायली, कुणाची पोर सेमारांगला कारखान्यात लागली, कुणाच्या नवऱ्याने घोरून घोरून शेजारची कोंबडी उठवली. गप्पा मजेत चालायच्या आणि मध्येच, ओल्या कातळावर बकरी थबकावी तशा, थबकायच्या.

"त्या दिवशी गं, ती राख पडली ना..." एखादी म्हणायची.

"हळद कुठाय, पारिना?" दुसरी लगेच विचारायची, हळद तिच्या गुडघ्याला लागून ठेवलेली असली तरी.

मग गप्पा वळसा घालून पुढे जायच्या.

तो दिवस तंबाखूच्या हंगामातला होता. अंगणाअंगणात बारीक कापलेली पानं बांबूच्या तट्ट्यांवर वाळत पडली होती. पारिनाचं घर डोंगराच्या वाटेवरचं शेवटचं. शहरातून शिखरावर जायला येणारी पोरं इथंच चहा पितात, इथंच पथारी टाकतात, आणि निघताना आपल्या मंडळाचा कागदी बिल्ला दारावर डकवून जातात. दाराचं मूळचं लाकूड पारिनाने कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. तिचा नवरा तारमुजी त्यांना वर घेऊन जाई. फार बोलणारा माणूस नव्हे, पण त्याच्या मागून चालणाऱ्याचा पाय कधी घसरला नाही, म्हणून पोरं त्याचं नाव घेऊन यायची, नावाआधी मानाने 'पाक', म्हणजे बाबा, लावून. "पाक तारमुजी आहेत का? तेच हवेत," असं कुणी दारात म्हटलं की पारिना आतून "बघते हं" म्हणे, आणि उगीचच थोडा वेळ लावून बाहेर येई. तेवढा तोरा तिनेही मिरवला होता.

त्या सकाळी तो चार पोरापोरींना घेऊन पहाटेच गेला होता. ऊन चांगलं वर आल्यावर आजोबा खोकले. ज्वालामुखीच्या या डोंगराला गाव आजोबाच म्हणतं. आजोबा अधूनमधून खोकतात आणि त्याने कुणी दचकत नाही. हा खोकला मात्र पोटातून आला. मांडणीवरच्या बश्या वाजल्या. शिखरावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा करडा धूर उभा राहिला आणि वाऱ्याबरोबर वाकून गावावर राख टाकू लागला. बायका वाळवणाकडे धावल्या, पारिनाही धावली. वर कोण आहे हे तंबाखू आत घेऊन होईपर्यंत तिच्या डोक्यातच आलं नाही. ही लाजही तिच्या गाठीला होतीच, पण पुढे जे झालं त्याच्यापुढे ती चिल्लर होती.

मागचं दार ढकलून तारमुजी आत आला. डोक्यापासून पायापर्यंत राखाडी, पायात एकच बूट. तो चुलीपुढे बसला आणि थंडीत शेतावरून आलेला माणूस धरतो तसे त्याने दोन्ही हात जाळापुढे धरले.

"पाहुणे?" पारिनाने विचारलं.

तो जाळाकडे बघत राहिला.

"पाक, पाहुणे कुठायत?"

"पाणी दे."

तिने पाणी दिलं. ते त्याने सगळं पिऊन टाकलं. मग राखेत भाजत ठेवलेलं रताळं काटकीने ओढून घेतलं आणि फुंकर घालत सोलायला लागला. हळूहळू, नखाने, साल तुटू न देता.

पारिना कुणालाच सांगू शकत नव्हती ते हे रताळं. जीव वाचवायला माणूस धावतो, हे एखाद्याला सांगता तरी आलं असतं. रताळ्याचं काय सांगणार?

ती तशीच अनवाणी चौकीकडे पळाली. तिथं पोकळ लाकडाचा केंटोंगान टांगलेला असतो. त्याचे ठोके ठरलेले असतात. आगीचा वेगळा, मरणाचा वेगळा, गुरं चोरीला गेली तर वेगळा, आणि डोंगराचा तर अगदीच वेगळा, न थांबता एकसारखा. गावातल्या पोरांना ते चालायच्या आधी कळतात. पण पारिनाच्या हाताला त्या घटकेला एकच ठोका सापडला. दोनदा वाजवून थांब, पुन्हा दोनदा वाजवून थांब. तो चोराचा ठोका होता.

गाव काठ्या-कोयते घेऊन बाहेर आलं. मोदिन, म्हणजे गावाची दुआ-प्रार्थना सांगणारा म्हातारा, लुंगी सावरत आधी स्वतःच्या गोठ्यात धावला. दोघांनी खालची वाट अडवली. खिम्याच्या गोळ्यांची हातगाडी घेऊन आलेल्या एका परक्या माणसाची कुणीतरी गचांडी धरली. यू वागियेमचा नवरा सार्जू कोयता घेऊन पारिनापुढे येऊन उभा राहिला. "कुठाय? कुठल्या बाजूला पळाला?"

कोण पळाला, असं विचारत होता तो. पारिनाचं तोंड उघडंच राहिलं. आणि मग त्या उघड्या तोंडातून, कुणी आधीच शिजवून झाकून ठेवल्यासारखं, तयार वाक्य बाहेर आलं.

"चोर नाही हो! पाहुणे वर अडकलेत. पाक मदत आणायला धावत खाली आलेत."

सार्जूने कोयता टाकला आणि तो वर निघाला. त्याच्यामागून बाकीचे. जाता जाता कुणीतरी विचारलं, "तारमुजी येतोय ना वाट दाखवायला?"

"गुडघा गेलाय त्यांचा," पारिना म्हणाली. एक खोटं बोललं की दुसऱ्याला फार वाट पाहावी लागत नाही.

संध्याकाळच्या आत सगळे उतरले. तीन पोरं आपल्या पायांनी आली. चौथी, तिउर्मा नावाची मुलगी, सार्जूच्या पाठीवर होती. दगड लागून तिची नडगी मोडली होती.

आणि गावाने पारिनाचं वाक्य उचललं. "तारमुजी खाली आला म्हणून तर आपल्याला कळलं," लोक म्हणायचे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. तो मदत मागायला आला होता तर ठोका बायकोने का वाजवला, आणि तोही चोराचा का, हे कुणीही विचारलं नाही. कसलेला वाटाड्या घरात असताना सार्जूला राखेत चाचपडत वाट का शोधावी लागली, हेही नाही. गाव मूर्ख नव्हतं. गाव सभ्य होतं. पोरं डब्यांवर 'दोनदा वाजव, थांब' असा खेळ खेळू लागली, तेव्हा त्यांच्या आयांनी त्यांना धपाटे घातले. त्या धपाट्यांचा आवाज पारिनाला घरात बसून ऐकू यायचा.

तारमुजी पुन्हा वर गेला नाही. तो बकऱ्यांसाठी गवत कापायचा आणि लंगडायचा. खरंच लंगडायचा, बायकोने सांगितलेला गुडघा निमूटपणे स्वीकारल्यासारखा. कधीकधी मात्र कुठला गुडघा ते विसरायचा. पारिना खिडकीतून बघायची. सकाळी डावा, दुपारी उजवा. एखाद्या वेळी तिला हसू फुटायचं आणि ती खिडकीपासून बाजूला व्हायची.

तिउर्माच्या पायाचं प्लॅस्टर निघालं आणि तिचा फोन आला. आई यायचं म्हणतेय, थेट सुमात्राहून, पाक तारमुजींना भेटायला. मोदिनने लगेच ठरवलं की गावाने स्लामेतान घालायचं, तारमुजीच्याच घरी. तारमुजी नको म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. गवत कापायला निघून गेला.

"आले गं बाई, आले," बाहेरून कुणीतरी ओरडलं.

तिउर्माची आई जीपमधून उतरली तीच मोठ्याने बोलत. जाड अंगाची, छातीशी कापडी पिशवी धरलेली. "कुठायत? माझ्या पोरीला वाचवणारे कुठायत? तुम्ही त्यांची बायको?" तिने पारिनाला ओढून दोन्ही गालांचे मुके घेतले. दारातल्या बायकांनी माना खाली घातल्या आणि एकमेकींना चिमटे काढले. "लाजता काय? आम्ही बाताक माणसं, मनात आलं की बोलून मोकळी. जीपवाला सांगत होता, तुमच्याकडे चहात साखर किती हवी ते कळायला सुद्धा अर्धा दिवस जातो!"

सगळ्या हसल्या. पारिनाही हसली, कारण साखर किती ते विचारायचं ती खरंच विसरली होती.

आई पुढच्या खोलीत चटईवर स्थानापन्न झाली. तिने पिशवीतून काळ्या-लाल विणीचं जाड कापड काढलं आणि मांडीवर ठेवलं. लेकीच्या आजीच्या हातचं उलोस आहे म्हणाली, ज्याच्या खांद्यावर घालू तो आमच्या घरातला झाला, मरेपर्यंत. मग दाराजवळ पाण्याचे पेले मांडणाऱ्या सार्जूकडे बोट दाखवून लेकीला म्हणाली, "आणि तुला पाठीवरून आणलं ते हेच का?" तिउर्मा म्हणाली, "हेच. यांच्या पाठीवर मी ओकलेसुद्धा होते." सार्जू कानापर्यंत लाल झाला. त्याला बिस्किटांचा मोठा डबा मिळाला.

डबा आत आला. यू वागियेमने झाकण उघडून बघितलं. "एवढी कडक बिस्किटं? हिलाही माहीत नाही वाटतं माझे दात गेल्याचं," ती म्हणाली, आणि पुन्हा नारळ किसायला लागली. बस, एवढंच. पारिनाला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. पण त्या गावची जमीन दुभंगते ती तिच्या मर्जीने, कुणाच्या लाजेखातर नाही.

थोड्या वेळाने काठी टेकत तिउर्मा स्वयंपाकघरात आली. बायकांनी नको नको म्हणत तिला बुटक्या स्टुलावर बसवलं. चुरचुरीत पोरगी, बँकेत नोकरी करणारी, पण चुलीपुढे बसल्यावर अगदी लहान दिसायला लागली.

"बू पारिना," इथल्या रीतीने आईचा मान देत ती म्हणाली, "एक विचारू? आईसमोर नको, ती आरडाओरडा करते."

"विचार ना."

"पाक निघाले तेव्हा मला काही बोलले नाहीत. दगड पडत होते, धूर होता. मी खडकामागे पडले होते. मी हाक मारली. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं, बू. आणि मग गेले." ती हातातल्या पेल्याची कड बोटाने पुसत राहिली. "तिथं पडल्या पडल्या मी स्वतःला सांगत होते, ते डोळ्यांनी सांगून गेलेत, येतो म्हणून. जावानी माणसं तोंडाने कुठं काय सांगतात. तसंच ना, बू? मदत आणायला जातो असंच त्यांना सांगायचं होतं ना?"

पाट्यावरचा वरवंटा थांबला. शेंगा चिरणारी सुरी थांबली. एक किसणी तेवढी चालू होती, खर्र, खर्र.

"केळं घे ना," पारिना म्हणाली. "आमच्याच बागेतलं आहे. घे. अगं घे, लाजू नको."

मुलीने केळं घेतलं. सोललं आणि खाल्लं. पारिनाला ते बघवेना. त्या दिवशी चुलीपुढे बसून असंच कुणीतरी काहीतरी सोललं होतं. पोरीने "तसंच ना" विचारलं होतं आणि आपण तिच्या हातावर केळं ठेवलं. तोंडाने एक अक्षर न बोलता हे तिसरं खोटं झालं, आणि पहिल्या दोन्हींपेक्षा हे वाईट होतं. पहिली दोन घाबरून झाली होती. हे आतिथ्याने झालं.

"यू," तिउर्मा बाहेर गेल्यावर पारिना वागियेमजवळ उकिडवी बसली. "यू, मी..."

"हा नारळ झाला," यू वागियेम तिच्याकडे न बघता म्हणाली. "दुसरा फोडून आण. आणि तुझ्या माणसाला सदरा बदलायला सांग. गोठ्यातून आल्यासारखा बसायचा पंगतीला."

तारमुजी गोठ्यातच होता. बकऱ्यांपुढे गवत टाकून झालं होतं तरी टाकतच होता.

"पाक, सदरा बदला. लोक जमायला लागलेत."

"हं."

"ती पोर म्हणाली, तुम्ही वळून बघितलं होतं तिच्याकडे."

गवताची पेंढी त्याच्या हातात तशीच राहिली. एका बकरीने मान लांब करून ती ओढली. त्याने ओढू दिली.

"बघितलं," तो म्हणाला.

इतक्या दिवसांत त्या दिवसाबद्दल त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. पारिना कुडाला टेकली. पुढचं काही विचारायचं बळ तिच्यात नव्हतं आणि परत जायचंही नव्हतं. बाहेर वर आजोबा स्वच्छ दिसत होते, माथ्यावर इवलासा धूर, बिडी ओढत बसल्यासारखे.

"बू, आज मोदिन काय म्हणणार?" त्याने विचारलं.

"नेहमीचंच. जेवण कशासाठी ते सांगणार."

"आणि सगळे होय म्हणणार."

"म्हणतील."

"सार्जू पण?"

 तारमुजीने कानशिलावरचा घाम बाहीने पुसला. "मी सांगायला गेलो होतो त्याच्याकडे. दोनदा गेलो. त्याने मला चहा पाजला, मिरचीची रोपं दाखवली. मी तोंड उघडलं की तो म्हणे, आणखी घ्या ना. माझी जीभ टाळूला चिकटते, बू. त्या दिवशी पण चिकटलेली." मग बकरीचा कान चोळत म्हणाला, "त्या दिवशी पण तूच बोललीस."

ओरडला असता तरी चाललं असतं. तो फक्त खरं ते बोलला होता. पारिनाला प्रथमच उमगलं की या माणसाने आजवर एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. तो पळाला होता, आणि मग गप्प बसला होता. खोटं तिचं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिने ते शिवलं आणि त्याच्या अंगात चढवलं, आणि तो बिचारा कधी डावा तर कधी उजवा पाय ओढत ते घालून गावभर फिरला. आज त्यावर आणखी एक कापड चढणार होतं, कुणाच्या तरी आजीच्या हातचं.

"सदरा बदला," ती पुन्हा म्हणाली, पण आवाज वेगळा आला.

दुपारची नमाज आटोपून पुरुष जमले. पुढच्या खोलीत चटयांवर भिंतीला पाठ लावून बसले. मधोमध केळीच्या पानांवर तुंपेंग, पिवळ्या भाताचा उंच सुळका. सुळक्याच्या पायथ्याशी अख्खी शिजवलेली कोंबडी, नारळ घातलेली भाजी, उकडलेली अंडी. पाहुण्या म्हणून तिउर्मा आणि तिची आई आत बसल्या होत्या. गावच्या बायका स्वयंपाकघराच्या दारातल्या फुलाफुलांच्या पडद्यामागे. पारिना पडद्याच्या फटीशी उभी होती, हातात डाव, डावाला भात चिकटलेला.

तारमुजी मोदिनच्या शेजारी बसला होता. धुतलेला सदरा, ओले केस, मान खाली. सार्जू दाराशी, जिथून पेले पुढे सरकवता येतात तिथं.

जेवणाआधी हेतू मोठ्याने सांगावा लागतो, ही रीतच आहे. सांगणारा एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे "इंग्गिह" म्हणून साक्ष देतात. होय, आम्ही ऐकलं, होय, हे असंच आहे. तोंडातून "इंग्गिह" गेलं की ते माणसांनीही ऐकलं, पूर्वजांनीही ऐकलं आणि डोंगरानेही ऐकलं. मग ते परत घेता येत नाही.

मोदिन खाकरला. "हा भात गावच्या पूर्वजांच्या नावाने."

"इंग्गिह," खोली एका आवाजात म्हणाली.

"वरच्या आजोबांनी रागावू नये, आपल्या नातवंडांना सांभाळून घ्यावं म्हणून."

"इंग्गिह."

"आपल्या पाहुण्या मुलीचा पाय बरा झाला, त्याच्या आनंदासाठी."

"इंग्गिह." तिउर्माच्या आईनेही जोरात म्हटलं, क्षणभर उशिरा, आणि दोघेतिघे हसले.

"आणि आपला तारमुजी," मोदिनचा आवाज किंचित भरभर चालू लागला, काट्यांतून जाताना माणूस पाय उचलतो तसा, "जो जिवाची पर्वा न करता मदत आणायला धावत खाली आला, त्याच्या आयुष्यासाठी."

खोली थांबली.

कुणाला तरी खोकला आला. कुणी चटईची सुटलेली काडी आत खोचायला लागलं. पारिना फटीतून सार्जूकडे बघत होती. त्याने पेला हातात घेतला, त्यात पाणी आहे की नाही ते पाहिलं, परत ठेवला. मग, शेजाऱ्याची अब्रू सांभाळायची आणखी एक पाळी आली एवढंच, अशा आवाजात, पहिलं "इंग्गिह" सार्जूनेच म्हटलं. हळू. त्यामागून इकडून एक, तिकडून एक, मोडक्या कौलांतून पाणी ठिबकावं तशी.

तिउर्माच्या आईला तेवढं पुरलं. ती गुडघ्यांवर उठली, उलोस दोन्ही हातांत पसरून तारमुजीकडे निघाली. "माझ्या आईच्या हातचं आहे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "आजपासून तू माझा भाऊ."

तारमुजीने खांदा मागे घेतला. बांधायला गेलं की बकरी अंग चोरते तसा. कापड हवेत राहिलं. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग त्याने मान वळवून पडद्याकडे बघितलं. रागाने नाही, दटावून नाही. भर उन्हात शेतावरून येऊन, न बोलता, पाण्यासाठी बघायचा तसं.

पारिनाच्या मागे किसणी थांबली. नारळ अर्धाच किसलेला. यू वागियेम उठली, तिने पारिनाच्या हातातला डाव काढून घेतला, तिच्या बोटांना चिकटलेला भात आपल्या फडक्याने पुसला, आणि पडदा बाजूला धरला.

"जा," ती पुटपुटली. "कधीपासून उभी आहेस वाटेत. कुणाला हलता येत नाही."

पुरुषांच्या पंगतीत हेतू सांगताना बाई पडद्यापुढे येत नाही. मोदिनने दचकून वर पाहिलं. पारिनाचे पाय चटईच्या कडेशी थांबले. तिला सगळे दिसत होते आणि कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. सभ्य माणसं, आपापल्या मांडीकडे बघत होती. फक्त ती पोरगी बघत होती. चांगली बघत होती.

"पाक मोदिन, ते शेवटचं धरू नका," पारिना म्हणाली.  "पाक सार्जू, तुमचं इंग्गिह परत घ्या. मदत आणायला आले असं हे कधी म्हणालेच नाहीत. ते मी म्हटलं, चौकीवर, तुमच्या तोंडावर. गुडघाही मीच मोडला यांचा." मग ती मुलीकडे वळली, कारण विचारलं तिने होतं. "त्यांनी तुझी हाक ऐकली होती, पोरी. डोळ्यांनी काही सांगितलं नव्हतं. ते तुला तिथं टाकून पळून आले होते."